केसोरीन, जौजे यादोराव

माझ्या दुकानात लोक आपापले मेलेले आजे-पणजे शोधायला येतात. पाटीवर तसं लिहिलेलं नाही. पाटीवर 'चेतना ऑनलाइन आणि झेरॉक्स, बस स्टॉपजवळ, नवेगाव बांध' एवढंच आहे. पण घरातल्या पोराला कॉलेजात जागा मिळाली की जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचा कागद लागतो, आणि मग ज्या पणजोबाची आठवण पन्नास वर्षांत कोणाला झाली नाही त्याच्यासाठी अख्खं घर माझ्या काउंटरला टेकून उभं राहतं. "मॅडम, लवकर पाहा ना, उद्या लास्ट डेट आहे." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पणजोबा मरून साठ वर्षं झाली, तेव्हापासून काय झोपला होतात का, असं मी तोंडावर विचारते. लोकांना राग येत असेल, पण गावात दुसरं दुकान नाही.

त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुधराम पुस्तोडे दुकानात आले तेव्हा मी न बघताच विचारलं, "कोणत्या नातवाचं?"

"नातवाचं नाई, बाई. माहंच."

मी मान वर केली. समोर एकोणसत्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस. अंगात खाकी शर्ट, खांद्याला छत्री, खिशाला स्वतःचा पेन. मी त्यांना मामाजी म्हणते. इकडे सुनांनी गावातल्या सासऱ्याच्या वयाच्या माणसाला मामाजीच म्हणायचं असतं. पाटबंधारे खात्यात कालव्याचे चौकीदार म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. कोणाच्या धानाच्या बांधीला कोणत्या दिवशी पाणी जायचं ते त्यांना कागद न बघता सांगता येई. एकदा एका वजनदार शेतकऱ्यानं पाळी नसताना गेट उघडायला माणसं पाठवली, तर हे गेटच्या चाकावरच जाऊन बसले. दुपारची भाकरही तिथंच खाल्ली आणि साहेब येईपर्यंत उतरले नाहीत. खातं सुटलं तरी खाकी शर्ट सुटला नाही, आणि तो हट्टही सुटला नाही.

"जुने कोतवाल बुक फुकटात दिसून राहिले मनते, खरं होय का?"

खरं होतं. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल लक्षात ठेवायचा, आठवड्यातून एकदा ठाण्यात जाऊन तोंडी सांगायचा आणि तिथला मुन्शी ते हिंदी-मराठीच्या खिचडीत वहीत उतरवायचा. ती वही म्हणजे कोतवाल बुक. कुठल्याशा संस्थेनं आमच्या भागातली अशी जुनी बुकं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली होती. एरवी बघायला वर्गणी भरावी लागे. तो एक महिना मात्र सगळ्यांसाठी मोकळा होता.

"फुकट काऊन देऊन राहिले पन?" मामाजींना संशय आला. बत्तीस वर्षांत त्यांनी कोणाला फुकट पाणी सोडलेलं नव्हतं.

"नंतर गिऱ्हाईक बनवायला. तुम्हाला काय, तुम्ही बघून घ्या. कोण शोधायचंय?"

ते बाकावर बसले, छत्री दोन पायांच्या मध्ये उभी केली. मग म्हणाले, "माही माय."

मला वाटलं चेष्टा आहे. मामाजींच्या आईला मी पाहिलेलं होतं. जमुनाबाई. आठ वर्षांपूर्वी वारल्या, त्यांचा मृत्यूचा दाखला माझ्याच दुकानातून निघाला होता.

"ते दुसरी माय. सावतर. पयली माय मी दोन वरसाचा असतानी गेली. तिचं नाव मले नाई मालूम."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांचं पोर मागे ठेवून ती बाई तापानं गेली. वर्षभरात वडिलांनी, म्हणजे यादोरावांनी, जमुनाबाईंशी लग्न केलं. पहिलीचा फोटो नाही, एखादं लुगडंही नाही. तिच्या माहेरचं कोणी कधी आलं नाही. 'तिकडचं कोनी उरलं नाई' एवढंच त्यांना सांगण्यात आलं. वडिलांना विचारलं की ते उठून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निघून जात. जमुनाबाईंना विचारलं तर त्या म्हणत, "मले हाक मार ना. मले हाक मारली का तिलेबी पोचते." लहानपणी त्यांना हे बोलणं गोड वाटायचं. मोठं झाल्यावर राग यायला लागला. सावत्र आई पहिलीचं नाव दाबून ठेवते आहे असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि ते मनातून कधी गेलं नाही.

"तिनं मले कमी नाई केलं काई," ते म्हणाले. "सोताच्या दोन पोट्ट्यांच्या आंधी मले वाढे. पन नाव नाई सांगतलं."

"मग आताच कशाला हवंय, मामाजी? इतकी वर्षं गेली."

"पितर येऊन राहिले ना. दरसाल पत्रावळ मांडतो. बापाची मांडतो तं यादोराव मनतो. दुसऱ्या मायची मांडतो तं जमुनाबाई मनतो. पयलीच्या पत्रावळीवर मुकाट्यानं भात वाढतो." ते छत्रीच्या मुठीकडे बघत होते. "आता माहाच नंबर लागून राहिला, बाई. तिकडे गेल्यावर तिले कोनत्या नावानं बलावू?"

मी संगणक चालू केला.

फुकट म्हणजे काय, ते नंतर कळलं. त्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधायची सोय नव्हती. पानांचे नुसते फोटो होते, एकामागून एक, काही तिरपे, काही वाळवीनं खाल्लेले. वर्ष साधारण माहीत होतं, महिना नाही. मामाजी रोज चारच्या ठोक्याला यायचे, चष्मा पुसायचे आणि बसायचे. मुन्शीचं वळण मला लागेना, त्यांना मात्र लागायचं. खात्यातली जुनी रजिस्टरं वाचून त्यांची नजर तयार झाली होती. मी पान पुढे सरकवायची आणि ते ओठांतल्या ओठांत वाचायचे. फौत म्हणजे मेलेले. पैदा म्हणजे जन्मलेले. जौजे म्हणजे अमक्याची बायको. आडनावाच्या जागी जात लिहिलेली. एका पानावर एकाच घरची तीन पोरं हगवणीनं गेलेली दिसली तेव्हा त्यांनी मला हात दाखवून थांबवलं, आणि जरा वेळानं "चाल" म्हणाले. ऐन गर्दीच्या वेळी मी त्यांच्यासाठी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. हे माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं.

वाचता वाचता ते घरच्या गोष्टी सांगायचे. त्या काळी नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. 'अवो', 'ऐकलं का', फार तर 'दुधरामची माय'. यादोराव मात्र तलावाच्या पाळीवरून, अर्ध्या गावाला ऐकू जाईल असे ओरडायचे, "जमुना! जमुना वो!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शाळेतली पोरं मामाजींना चिडवायची. "मले त लाज वाटे," ते म्हणाले. "पयलीचं नाव एकडाव घेतलं नाई त्या मानसानं, अना दुसरीचं दिवसातून पन्नासडाव."

पाचव्या दिवशी सापडलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, बुरशीच्या डागाशेजारी. 'फौत. केसोरिन, जौजे यादोराव कोहळी, उमर इक्कीस, बुखार.'

मामाजींनी ते तीनदा वाचलं. "केसोरिन," ते म्हणाले, "हे कोनतं नाव?"

"केसर हो, मामाजी, केसरबाई!" मी अगदी छातीठोक सांगितलं. "कोतवालानं सांगितलं एक, मुन्शीनं लिहिलं भलतंच. रोज बघते मी. गणपतचं गनफत करून ठेवतात."

त्यांनी चष्मा काढला. "केसर," ते म्हणाले, आणि पुन्हा, "केसर." एवढा मोठा माणूस माझ्या प्लास्टिकच्या बाकावर बसून एक शब्द पुनःपुन्हा बोलत होता आणि मला इतका आनंद झाला होता की मीच समोरून दोन चहा मागवले. त्या पानाची प्रिंट त्यांनी घडी पडू न देता फाइलमध्ये ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून घरी नेली.

चार दिवसांत त्यांच्या फाटकावर रंगाऱ्यानं लाल अक्षरांत 'केसर कुटीर' लिहिलं. नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या दिवशी, त्यांनी पत्रावळ मांडली, मोठ्यानं नाव घेतलं, आणि आमच्या घरी डबाभर वडे पाठवले.

दुपारी सासू अंगणात भाजी निवडत होती. वयानं ऐंशी, पण जीभ माझ्यापेक्षा धारदार. "कायचे वडे होत?"

"दुधराम मामाजींच्या पहिल्या आईचे. केसरबाईचे."

"कोन केसरबाई?"

मी सगळी कथा सांगितली. माझी हुशारीही सांगितली, जरा वाढवूनच. सासू ऐकत होती. मग तिनं हातातली काडी खाली टाकली.

"अवो गोरेगावीन," ती म्हणाली, "तुहं नाव का होय?"

"म्हणजे?"

"मी तुले का मनतो? गोरेगावीन. काऊन? तू गोरेगावची मनून. मंग केसोरीन कोन होय? केसोरीची होय ते! माहं लगन झालं तवा मरून चार वरसं झाल्ते तिले. बुड्या सांगत, केसोरीन चांगली होती बिचारी. नव्या बायकोच्या कानावर जाऊ नाई मनून हळूच बोलत. मोठी शिकली मने! केसर मने!"

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. बावीस वर्षं मी या घरात गोरेगावीन आहे. सून ज्या गावाहून आली त्या गावाच्या नावानं तिला हाक मारायची, ही इकडची जुनी रीत. रोज सकाळी या हाकेनं मी उठते. आणि समोर 'केसोरिन' लिहिलेलं असताना मला केसर दिसलं! माझी मलाच इतकी चीड आली की मी सासूवरच ओरडले, "मग तुम्ही त्यांना आधी का नाही सांगितलं?"

"त्यानं मले कवा इचारलं?" ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

सांगायला मलाच जावं लागणार होतं. मामाजी फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते, रंग अजून पुरता वाळला नव्हता. मला बघून उभे राहिले. दोन पावलं मागे सरकून मी ती लाल अक्षरं वाचली आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"मामाजी, चूक झाली माझी. ते केसर नाही. केसोरीन आहे. केशोरीची म्हणून केसोरीन."

त्यांनी फाटकावरच्या अक्षरांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मंग नाव?"

"नाव नाही, मामाजी. गाव आहे."

ते मागे वळले. आत गेले आणि दार लोटून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन दिवस चार वाजले की मी रस्त्याकडे बघत होते. ज्या माणसाला मायचं नाव नव्हतं त्याला मी एक नाव दिलं, ते फाटकावर चढू दिलं, पत्रावळीवर घेऊ दिलं, आणि परत काढून घेतलं. आपण लोकांवर डाफरतो, आपली लायकी काय, असं त्या दोन दिवसांत मला खरोखर वाटलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला छत्री बाकाशी टेकली. "केसोरीचं बुक काढ."

काढलं. ती एकविसाव्या वर्षी गेली, म्हणजे जन्म साधारण एकोणीसशे सदतीसचा. एक वर्ष अलीकडचं, एक पलीकडचं धरलं. जन्माच्या नोंदी होत्या, भरपूर होत्या. पण बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं 'लडका' किंवा 'लडकी'. बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत कोतवाल कशाला थांबतो? त्या तीन वर्षांत केशोरीत कोहळ्यांच्या घरी अकरा लडक्या जन्मल्या होत्या. त्यांतली एक त्यांची आई होती. कोणती, ते सांगायला कागद तयार नव्हता.

"झालं," मी म्हणाले. "फुकटचं एवढंच असतं."

"मंग जाऊन पाहू ना," मामाजी म्हणाले. "गाव तं सांगतलं कागदानं."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी स्कूटी काढली. मामाजी मागे एका बाजूला पाय टाकून बसले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं सीटची कड घट्ट धरलेली. धान गुडघ्याच्या वर आलं होतं. प्रत्येक पाट आला की ते मागून, "हे पानी वाया जाऊन राहिलं," असं सांगत होते, त्यावरून त्यांची तब्येत ठीक आहे हे मला कळत होतं.

केशोरीच्या चौकात पानठेल्यावर मी विचारलं, "नवेगाव बांधला यादोराव पुस्तोडेंच्या घरी दिलेली, तरुणपणीच वारलेली मुलगी कोणाची?" ठेल्यावरच्या पोरांना काय माहीत. पण मागच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं काठीनं गल्ली दाखवली. "पारबताबाईले इचारा. रांडवल्यापासून माहेरीच राहाते. तिची बहीन होती ते."

बहीण होती! मी मामाजींकडे बघितलं. ते शर्टाची वरची गुंडी लावत होते.

पारबताबाई दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ऐंशीची, बारीक, कानांत जुन्या बाळ्या. मी नाव-गाव सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, मामाजींना वाकायला लावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"सत्तर वरसं लागले का रे तुले केसोरीले यायले?"

"मले मालूमच नव्हतं, मावशी."

'मावशी' हा शब्द त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला असावा. म्हातारीनं त्यांच्या गालावर एक चापट मारली, जोरात मारली, आणि मग तोच गाल कुरवाळत बसली. आम्हाला पाणी दिलं. मामाजींना आता धीर निघेना.

"मावशी, माह्या मायचं नाव का होतं?"

"जमुना."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मलाही तेच वाटलं, म्हातारीचा घोटाळा झाला. ते मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलले, "नाई, मावशी. जमुनाबाई ते दुसरी. मी पयलीचं इचारून राहिलो. तुमच्या बहिनीचं."

"बहिरी नोहो मी!" पारबताबाई कडाडली. "माह्या बहिनीचं नाव मले नाई मालूम, अना तुले मालूम? आमी दोघी बहिनी. जमुना अना पारबता. आता मीच उरली."

आणि मग तिनं सांगितलं. बहीण गेली तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. यादोरावांनी दुसरं लग्न केल्याचं कळलं, त्याचा राग कोणाला नव्हता. घरात लहान पोर होतं. तिचा बाप नातवाला बघायला म्हणून मुरमुऱ्याचं गाठोडं घेऊन चालत नवेगावला गेला. अंगणात उभा होता. यादोरावांनी आत हाक मारली, "जमुना, पानी आन वो."

"बाबाले वाटलं, आपलीच पोरगी येऊन राहिली," पारबताबाई म्हणाली. "अना दुसरीच पोट्टी लोटा घेऊन बाहेर आली. तुह्या बापानं लगनात तिचं नाव बदलून जमुना ठेवलं होतं. बाबानं पानी नाई पेलं. लोटा तसाच खाली ठेवला अना आला परत. मनला, पोरगी गेली ते देवानं नेली, पन तिचं नावबी दुसरीले देऊन टाकलं. त्या घरचं पानी आता आपल्याले नाई. बाबा मेला तरी आमी त्याचा शबद मोडला नाई, तिकडे गेलोच नाई."

मामाजी खाली बघत होते. मग म्हणाले, "अना त्या दुसरीचं नाव का होतं मंग? आंधीचं?"

"आता ते कोनाले मालूम रे. लेकरू होती ते बी. लोटा खाली ठेवला तशी आत पळाली ते, बाबा सांगे."

परत येताना मामाजी एका पाटाबद्दलही बोलले नाहीत. अर्ध्या वाटेत मला मागून काहीतरी ऐकू आलं, म्हणून मी स्कूटी बाजूला घेतली. ते रडत होते. छत्री तशीच हातात, खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत, लहान पोरासारखे रडत होते. "मनून मारत होता हाक," ते म्हणाले. "मनून पाळीवरून वरडत होता." मीही रडले. मला कोणाच्या समोर रडलेलं आवडत नाही, पण रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.

घरी आल्यावर मी सासूला विचारलं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं हो? लग्नाआधीचं?"

"कायले पायजे आता?" ती म्हणाली. तिनं चुलीत काडी सारली. मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "सोनी." आणि लगेच, "कोनाले सांगू नको."

मी काय सांगणार? माझं शाळेच्या दाखल्यावरचं नाव अंजू आहे. चेतना या घरानं ठेवलं. ते मला आवडतं, दुकानावरही तेच आहे. पण सासूला सोनी म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस कधी गेलं असेल, हा विचार मनातून जाईना.

सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मामाजी आले. चार वाजता नाही, सकाळीच, दुकान उघडता उघडता. मला वाटलं, गोष्ट संपली म्हणून पेढे आणले असतील. हात रिकामे होते.

"मांडल्या पत्रावळी?" मी विचारलं.

"मांडल्या. तीन. बापाच्या पत्रावळीवर यादोराव मनलं. मायच्या पत्रावळीवर जमुना मनलं. मोठ्यानं मनलं, शेजारी बाहेर आले." ते बाकावर बसले. "मंग तिसरीवर वाढाले गेलो अना हात थांबला. तिले का मनू?"

मी शटर अर्ध्यावरच सोडलं.

"मी लहान असतानी ते मने, मले हाक मारली का तिलेबी पोचते. मले वाटे, ते मले फसवून राहिली, नाव लपवून राहिली." ते रस्त्याकडे बघत होते. "पोचतच होती ना, बाई. साठ वरसं तिलेच पोचली. हिलेच नाई पोचली. हिनं मले वाढवलं, अना हिले तिच्या नावानं त्या घरात एकडाव कोनी बलावलं नाई. मी तं नाईच नाई."

रस्त्यावरून बस गेली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"हे माय सौंदडची होती. बुड्या तिले सौंदडीन मनत, मले आठवते. सौंदडचं बुक आहे का त्या फुकटवाल्यात?"

"आहे. पण मामाजी, त्यात नुसतं लडकी लिहिलेलं असेल. आणि महिना संपायला आठच दिवस उरलेत."

"लडकी तं लडकी. पान तं दिसन. मंग जाऊन इचारू. तिची बी एखांदी बहीन असन."

मी शटर पूर्ण वर केलं आणि संगणक चालू केला. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, एकाची लास्ट डेट होती. त्यांना म्हटलं, थांबा. जमुनाबाईंच्या मृत्यूच्या दाखल्यावरच्या वयावरून वर्ष काढलं. सौंदड, सन एकोणीसशे एक्केचाळीस. मामाजी चष्मा लावून पडद्याशी वाकले आणि ओठांतल्या ओठांत वाचू लागले. लडका. लडकी. लडकी.